सत्त्याऐंशीच्या आत

चित्र अडकलं तेव्हा चंद्रव्वा अंगणात उभ्या होत्या. अंगण अजून कुठंच नव्हतं. मैंदर्गीच्या शिवेवर त्यांचं जे रान होतं, तिथं मुलींचं वसतिगृह व्हायचं होतं. आर्किटेक्ट दाक्षायणीनं ते लॅपटॉपवर उभं केलं होतं आणि डोळ्यांवर बांधायच्या काळ्या, जड चष्म्यातून अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या चंद्रव्वा त्यात शिरल्या होत्या. दारातून आत येईपर्यंत सगळं ठीक होतं. मग त्यांनी उजवीकडं मान वळवली. मान वळली आणि अंगण मागंच राहिलं. क्षणभरानं हिसका देऊन ते पुढं आलं, थांबलं, पुन्हा हिसकलं. चंद्रव्वांचे दोन्ही हात हवेत गेले. दाक्षायणीनं पुढं होऊन त्यांना धरलं नसतं तर त्या फरशीवर पडल्या असत्या. त्यांची बोटं तिच्या मनगटावर रुतली. "साकु, साकु," त्या आधी कानडीत म्हणाल्या, मग मराठीत, "पुरे ग बाई. काढ हे. भोवंड आली मला." चष्मा निघाल्यावर त्या बराच वेळ डोळे मिटून बसल्या. वसतिगृह बांधणाऱ्या ट्रस्टचे सचिव प्रभुलिंग सर, गावच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक, पाण्याचा तांब्या घेऊन आले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं दाक्षायणीला वाटलं. "तुमचं काम चांगलंच आहे की, मॅडम," ते म्हणाले, "पण जागा आक्कांची आहे. त्यांनी आत फिरून हो म्हटल्याशिवाय आम्ही कुदळ मारणार नाही. शनिवारी पुण्याचे एक आर्किटेक्ट येतायत. त्यांचं बघू. तुम्हीपण या, तोवर हे नीट झालं तर."

झालं तर. अक्कलकोटहून सोलापूरला येणाऱ्या एसटीत खिडकीशी बसून ती हे दोन शब्द उलटसुलट करत राहिली. बाहेर एप्रिलचं ऊन रानावर पांढरं पडलं होतं. मांडीवर लॅपटॉपची बॅग होती, बंद करून तास झाला तरी तिच्यातून ऊब येत होती. मनगटावर म्हातारीच्या बोटांची जागा अजून कळत होती. काय चुकलं होतं ते तिला ठाऊक होतं, आणि तेच जास्त टोचत होतं. आराखडा चुकला नव्हता. अंगणाभोवती खोल्या, पश्चिमेला जाड भिंत, वरच्या झरोक्यातून निघून जाणारी गरम हवा, ह्यातली एक रेघही तिनं दुसऱ्यांदा विचार न करता ओढलेली नव्हती. चुकलं होतं ते यंत्र. डोळ्यांवर चष्मा असला की मान किंचित हलली तरी आख्खी इमारत दोन्ही डोळ्यांसाठी वेगवेगळी, सेकंदात सत्तरऐंशी वेळा नव्यानं काढावी लागते, आणि ते काम लॅपटॉपमधलं ग्राफिक्स कार्ड करतं. ते मागं पडलं की डोळे एक सांगतात आणि कानातलं तोलाचं इंद्रिय दुसरंच, आणि माणसाला भोवळ येते. पुण्याच्या ऑफिसात ह्याच कामाला टेबलाएवढी यंत्रं होती. तिच्याकडं होता एका गेम खेळणाऱ्या माणसाकडून जुना घेतलेला लॅपटॉप, कळांखाली लाल दिवे लागणारा. पुण्याच्या ऑफिसात तिची वरिष्ठ तिला एकदा म्हणाली होती, "तुझं ड्रॉइंग सुंदर असतं, पण शेवटच्या क्षणी तू मागं सरकतेस, दाक्षायणी." काम कमी झालं तेव्हा ज्यांना जायला सांगितलं त्यांत ती होती. सोलापूरला परत येऊन चार वर्षं झाली होती. ह्या चार वर्षांत तिनं दुकानांची फर्निचरं आखली होती, दवाखान्यांचे काउंटर आखले होते. इमारत अशी पहिलीच.

घरी अप्पा दारातच होते. मडिवाळप्पा, तिचे वडील, सहकारी बँकेत कॅशियर होते, आणि निवृत्त झाल्यावर त्यांची सगळी दक्षता घराकडं वळली होती. टीव्हीचा रिमोट आठ वर्षांनंतरही प्लास्टिकच्या पिशवीत होता. मिक्सर तीनवर कधी जात नसे. दोनवर जे वाटलं जाईल ते वाटायचं, उरलेलं तिची आई, अव्वा, पाट्यावर घ्यायची. स्कूटर त्यांनी आयुष्यभर अशी चालवली की सायकलवाले ओलांडून जात. वस्तूला तिच्या ताकदीच्या निम्मंच काम द्यायचं, म्हणजे ती टिकते, हा त्यांचा हिशेब होता, आणि वस्तू टिकत होत्या हे खरंच होतं. फक्त दाक्षायणीला कधीकधी वाटे की आपणही त्या घरातली एक वस्तू आहोत, नीट टिकलेली. शाळेत असताना पार्क मैदानावर धावायची शर्यत होती. ती पुढं होती. पायांखालची माती हलकी झाली होती, छातीत काहीतरी उघडत चाललं होतं आणि त्याला अजून खूप उघडायचं होतं. तेवढ्यात दोरीपलीकडून अप्पांचा आवाज आला होता, "जपून ग, पडशील." ती पडली नव्हती. तिनं फक्त अंगातला जोर थोडा आवरला होता, आणि शेजारच्या पट्ट्यातली मुलगी पुढं निघून गेली होती. घरी आल्यावर अप्पांनी तिला पेढा दिला होता, दुसरी आली म्हणून, गुडघे न फोडता आली म्हणून. त्या पेढ्याची चव तिला आवडली होती, हेही खरं.

"कसं झालं?" अप्पांनी विचारलं.

"अडकलं," ती म्हणाली.

"मशीनला झेपलं नसेल. झाडंबिडं काढून टाक की चित्रातली. हलकं कर थोडं."

तिनं ते आधीच करून पाहिलं होतं. निम्मी पानं काढली होती, लांबचं गाव काढलं होतं. आता सावल्या काढणं उरलं होतं. पण त्या रानात दुपारी तीन वाजता मुलींना सावलीत बसायला मिळेल, हेच तर त्या इमारतीचं म्हणणं होतं. सावली काढून दाखवायचं काय? जेवताना तिला एकदम कळलं की आयुष्यात तिच्यासमोर हाच एक उपाय नेहमी ठेवला गेला आहे, हलकं कर. आणि ह्या वेळी तिला तो नको आहे. भाकरी तोडता तोडता ती म्हणाली, "अप्पा, मी कार्डाचा वेग वाढवणार आहे. कंपनीनं लावून दिलाय त्याच्यापेक्षा वर." अप्पांचा हात ताटातच थांबला. "जळेल की ते," ते म्हणाले. "आणि तुझं सगळं काम त्याच्यात."

भीती त्यांची एकट्याची नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळपासून ती वाचत बसली, लोकांचे अनुभव, भांडणं, व्हिडिओ. कुणाचा पडदा काळा झाला होता, कुणाच्या यंत्रानं पुन्हा डोळा उघडला नव्हता. पण जसजशी ती वाचत गेली तसतसं तिला दिसायला लागलं की ज्यांचं बिघडलं होतं ती बहुतेक एकाच उडीत माडीवर चढायला गेलेली माणसं होती. बाकीचे लोक वेगळंच सांगत होते. आधी यंत्र स्वच्छ करा. आधी बघा ते किती तापतंय. मग पायरीनं चढा, प्रत्येक पायरीवर थांबा, यंत्राला राबवून बघा, आणि त्यानं कुरकुर केली की मुकाट्यानं खाली या. कार्डाला वेगाची एक मर्यादा कारखान्यात घालून दिलेली असते, आणि ती सगळ्यांत दुबळ्या कार्डालाही झेपेल अशी धरलेली असते; तुमचं कार्ड दुबळं आहे की नाही हे तपासायला कुणी थांबलेलं नसतं. हे वाक्य वाचून ती उठली, खिडकीशी गेली, आणि शेजारच्या टॉवेलच्या कारखान्यातल्या मागांचा खडखडाट ऐकत नुसतीच उभी राहिली.

कार्ड सत्त्याऐंशी अंशांवर जात होतं. तिथं पोचलं की ते स्वतःला वाचवायला आपणहून वेग कमी करत होतं, आणि अडकत होतं ते तेव्हाच. म्हणजे सत्त्याऐंशीच्या आत राहायचं. तिनं सगळं काम दुसऱ्या डिस्कवर उतरवलं, मग लॅपटॉप बंद करून, चार्जर काढून, खालचे स्क्रू एकेक सोडवले. अप्पा पलीकडं खुर्चीत बसून बघत होते, एखाद्या नातेवाइकाचं ऑपरेशन चालल्यासारखे. झाकण निघालं आणि दोघंही वाकली. पंख्यांच्या पात्यांमागं, जिथून गरम हवा बाहेर पडायची त्या बारीक जाळीवर, राखाडी कापसाची जाड घडी बसली होती. शेजारच्या कारखान्यातून उडणारी तूस. आयुष्यभर खिडक्यांच्या गजांवरून, देवघरातल्या फोटोंवरून, अव्वाच्या पापडांवरून झटकत आलेली तीच तूस. दाक्षायणीनं चिमट्यानं ती उचलली तर सलग, वातीसारखी निघाली. "आईशप्पथ," अप्पा हळूच म्हणाले, "हे नाकात बोळा घालून पळत होतं की." तिला हसू आलं. किती दिवसांनी आलं होतं. ब्रशनं पाती साफ केली, कार्डाची उष्णता ओढून घेणारी, आता वाळून पापुद्रा झालेली जुनी पेस्ट पुसून नवी लावली, स्क्रू परत बसवले. लॅपटॉप चालू झाला तेव्हा त्याचा आवाज बदलला होता, दम लागलेल्या माणसाचा दम बसल्यावर असतो तसा. वसतिगृहातून तिनं चक्कर मारली. अठ्ठ्याहत्तर अंश. अडकणं जवळजवळ गेलं होतं. पण उजवीकडं मान वळवली, झरोके आणि जिना आणि कडुनिंबाची सावली एकाच वेळी डोळ्यांपुढं आली, की अजून एक बारीक झटका बसत होता. तरण्या माणसाला कळलाही नसता. चंद्रव्वांना कळला असता.

तेवढं अंतर वेगानं कापायचं होतं. दाराला कडी न घालता, पण घातल्यासारखी, ती बसली. पडद्यावरची वेगाची पट्टी तिनं अगदी थोडी उजवीकडं सरकवली, पंचवीस मेगाहर्ट्झ, आणि चाचणी लावली. इमारत आपोआप फिरू लागली, अंगण, जिना, गच्ची, अंगण, जिना, गच्ची. काहीच झालं नाही. अजून पंचवीस. अप्पा केव्हा शेजारी येऊन बसले तिला कळलं नाही. चष्मा नाकावर खाली ओढून ते पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा बघत होते आणि बँकेत नोटा मोजल्यासारखे पुटपुटत होते, "एकोणऐंशी... एकोणऐंशी... ऐंशी." तिला वाटलं आता ते बस म्हणतील. तिचा हात पट्टीवर थांबला, सवयीनं, त्या आवाजाची वाट बघत. ते म्हणाले, "अजून सात अंश जागा आहे की. मी बघतो आकडा. तू तुझं चित्र बघ." तिनं त्यांच्याकडं वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर डोळे भरले असते, आणि तिला चित्र स्वच्छ दिसायला हवं होतं. तिनं पट्टी सरकवली. अशी ती चढत गेली, दुपार कलेपर्यंत, अप्पांच्या पुटपुटण्याच्या तालावर. एका पायरीवर गच्चीच्या कठड्यावर हिरवे ठिपके चमकले, काजव्यांसारखे, आणि विझले. पुढच्या क्षणी पडदा काळा झाला. खोलीत फक्त मागांचा खडखडाट उरला. अप्पांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. पडदा परत आला. कार्डानं सांगितलं होतं, इथं नाही. बस एवढंच. काही जळलं नव्हतं, कुणी पडलं नव्हतं. हद्द अशी असते होय, तिला वाटलं, समोर येते आणि आपलं नाव सांगते. इतकी वर्षं ती हद्दीच्या इतकी अलीकडं राहिली होती की ती दिसते कशी हेच तिला माहीत नव्हतं. ती दोन पायऱ्या खाली आली, चाचणी पुन्हा लावली, आणि इमारत संध्याकाळपर्यंत फिरत राहिली, ठिपका नाही, झटका नाही. ब्याऐंशी अंशांच्या वर आकडा गेला नाही. मग चष्मा लावून ती स्वतः आत गेली आणि अंगणात उभी राहून जोरानं उजवीकडं मान वळवली. अंगण तिच्याबरोबर वळलं.

शनिवारी मैंदर्गीत ऊन इतकं होतं की शाळेच्या हॉलचे पत्रे तडतडत होते. पुण्याच्या माणसानं सकाळीच आपली फिल्म मोठ्या पडद्यावर दाखवून संपवली होती. दाक्षायणी दारातून शिरली तेव्हा ट्रस्टची मंडळी अजून त्या फिल्मबद्दलच बोलत होती. संगीत होतं म्हणे, आकाशातून खाली येणारं चित्र होतं. चंद्रव्वा कडेच्या खुर्चीत पदरानं वारा घेत बसल्या होत्या. दाक्षायणीला बघून त्यांनी चष्म्याच्या पेटीकडं बोट केलं. "त्ये परत घालायचं व्हय?" "एकदाच, आज्जी," ती म्हणाली, "नाही जमलं तर मी स्वतः काढीन." हॉल घरातल्या खोलीपेक्षा बराच जास्त तापलेला आहे हे तिला दारातच कळलं होतं. तिनं लॅपटॉप उंच ठेवला, शाळेचा टेबलफॅन मागून घेऊन त्याच्याकडं तोंड करून लावला, आणि कुणी न सांगता वेग एक पायरी खाली घेतला. हे मागं सरकणं नव्हतं. हात तोच होता, पण आता त्याला माहीत होतं की वर किती जागा आहे.

चंद्रव्वा दारातून आत गेल्या. दाक्षायणी त्यांच्या कोपराला न धरता, पण हात जवळ ठेवून उभी होती. एक डोळा आकड्यावर. ऐंशी. "हे तर तेच अंगण," चंद्रव्वा म्हणाल्या, आणि अंग आखडून त्यांनी उजवीकडं मान वळवली. त्र्याऐंशी. मान वळली, आणि त्यांचं अंग हळूहळू सैल पडत गेलं. त्या पुन्हा डावीकडं वळल्या, पुन्हा उजवीकडं, एखादं लहान मूल दार उघडून मिटून बघतं तशा. "न्हाय हालत," त्या म्हणाल्या. मग त्या चालायलाच लागल्या. खोलीत शिरल्या, खिडकीशी वाकल्या. "ही खिडकी लई खाली केलीस. पोरी कपडे बदलणार हितं." प्रभुलिंग सर जागेवरून उठले. सकाळच्या फिल्मवेळी कुणी खिडकीच्या उंचीचा विषयही काढला नव्हता. "वर घेते, आज्जी," दाक्षायणी म्हणाली. "आनि केस विंचरायला? धा पोरी एकदम आंघोळ करून आल्या तर उन्हात बसणार कुटं?" "मोरीच्या भिंतीला लागून ओटा घेऊ." "घे. लांब घे." पंच्याऐंशी. आकडा पंच्याऐंशीवर थरथरला, आणि तिथंच बसला. अंगणात सावली होती, एकही पान अडकत नव्हतं, आणि एकाएकी तिच्या छातीत काहीतरी उघडत गेलं आणि ह्या वेळी ते आवरायला तिनं काहीच केलं नाही. ती आकड्याकडं बघायची थांबली.

"जिना कुटं जातो?" चंद्रव्वांनी विचारलं. "गच्चीवर. पण तुमचे गुडघे..." "ह्याच्यात कुटले आलेत गुडघे?" त्या म्हणाल्या, आणि हॉलमधले सगळे हसले. दाक्षायणीनं हातातल्या बटणानं त्यांना एकेक पायरी वर नेलं. गच्चीवर पोचल्यावर चंद्रव्वांनी चहूकडं वळून पाहिलं. खाली त्यांचं रान होतं, बांध होता, विहीर होती, सगळं मोजून, जागच्या जागी. "किती वर्सं झाली," त्या म्हणाल्या, "इतक्या वरनं बगितलंच न्हवतं मी आपलं रान. माझे आजोबा सोडायचे न्हाईत शाळंला. म्हनायचे, अक्कलकोट लांब हाय, पोरगी ऱ्हानार कुटं." पत्रे तडतडत होते. त्या कठड्याशी गेल्या, हवेतच हात टेकवला. मग त्यांनी मान वर केली. तिथं दाक्षायणीनं काढलेलं मोकळं आकाश होतं.

"हिच्यावर अजून एक मजला चढंल का ग?"

प्रभुलिंग सर घाईनं म्हणाले, "आक्का, आता एवढं होऊ द्या. पुढचं पुढं बघू. झेपेल तेवढंच करू."

दाक्षायणीला तिचं नेहमीचं वाक्य ओठांवर आलेलं कळलं. बघते, म्हणायचं. बघते म्हटलं की कुणाला वाईट वाटत नाही. तिनं खांबांची जाडी आठवली, त्यांच्यामधलं अंतर, खाली मातीत लागणारा काळा कठीण दगड. तिनं ते मनात एकदा मोजलं, पुन्हा मोजलं.

"चढेल," ती म्हणाली. "एक सोडा, दोन चढतील. पण पाया तसा घ्यावा लागेल, सर, आणि तो आत्ताच ठरवावा लागेल. नंतर नाही वाढवता येत."

सरांनी तिच्याकडं पाहिलं, मग मंडळींकडं, मग पुन्हा तिच्याकडं. "खात्री आहे तुमची?"

"आहे. मोजून सांगतेय."

चंद्रव्वांनी चष्मा काढला नव्हता. गच्चीवरूनच, कुणाकडंही तोंड न करता, त्या म्हणाल्या, "प्रभू, त्या पुन्याच्या पाव्हन्याला जेवायला घाल आनि लावून दे. हिला इचार, कुदळ कवा मारायची." आणि सरांनी खिशातून पेन काढलं, खुर्ची ओढून दाक्षायणीसमोर बसले, आणि म्हणाले, "बोला मॅडम. पाया किती खोल?"